चिकाटी आणि हट्ट

चिकाटी म्हणजे तेच काम त्याच पद्धतीने पुन्हा पुन्हा करत राहणे, असे बहुतेकांना वाटते. त्याला हट्ट म्हणता येईल. चिकाटीत उद्दिष्ट कायम राहते, पद्धत मात्र अनुभवानुसार बदलते. दोऱ्याला पडलेली गाठ जोर लावून ओढली तर आणखी आवळते. थांबून, टोक शोधून, उलट दिशेने सैल केली तर सुटते. गाठ सोडवायची ओढणाऱ्यालाही असते आणि सैल करणाऱ्यालाही.

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातली ‘ध्रुव’ ही संशोधन अणुभट्टी याचे चांगले उदाहरण आहे. ८ ऑगस्ट १९८५ रोजी ती क्रांतिक झाली (म्हणजे अणुविखंडनाची साखळी स्वतःच्या बळावर चालू राहू लागली). पण शीतक पाण्याच्या प्रवाहामुळे इंधन-जुडग्यांना (इंधनकांड्यांच्या एकत्र बांधलेल्या संचांना) नको इतकी कंपने येऊ लागली आणि पूर्ण क्षमतेने भट्टी चालवणे अशक्य झाले. रेटून नेण्याचा मोह अशा वेळी होतोच. तिथल्या अभियंत्यांनी कंपनांचे कारण शोधले आणि जुडग्यांची रचना सुधारली. १०० मेगावॅटची पूर्ण क्षमता गाठायला १९८८ उजाडले.

या भट्टीच्या आराखड्यात डॉ. अनिल काकोडकर यांचा मोठा वाटा होता. ते १९९६ मध्ये केंद्राचे संचालक झाले. नेतृत्व अशा चिकाटीतून घडत नाही, उपजतच असते, असे मानणाऱ्यांनी भट्टी क्रांतिक होण्यापासून पूर्ण क्षमता गाठेपर्यंतची ही दोन-अडीच वर्षे जरूर पाहावीत.