पाच हौदांचे देऊळ

माझी आजी गुरुवार पेठेत धुणीभांडी करीत असे. कामाचे घर सांगताना ती ‘पाच हौदाच्या देवळाच्या अलीकडे’ असे म्हणे. ते देऊळ ख्रिस्ती आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळले. पंचहौद मिशनचे हे पवित्र नाम देवालय, १८८०च्या दशकात उभे राहिलेले. त्याचा उंच घंटामनोरा आजही पेठेतल्या घरांवरून दिसतो. मराठी ख्रिस्ती माणूस आपल्या प्रार्थनामंदिराला सहज ‘देऊळ’ म्हणतो, म्हणजे आजीचे काही चुकले नव्हते.

आता मी शिकवतो. ‘पंचहौद’ म्हटले की विद्यार्थी एकच उत्तर देतात : चहाचे प्रकरण. पाठ्यपुस्तकांतून, चरित्रांतून या वास्तूचा इतिहास एवढाच उरला आहे. ते प्रकरण थोडक्यात असे. ऑक्टोबर १८९० मध्ये मिशनने पुण्यातील प्रतिष्ठितांना व्याख्यानासाठी बोलावले. त्यात रानडे होते, टिळक होते, गोखले होते. व्याख्यानानंतर चहा आला. कोणी प्यायले, कोणी मान राखण्यापुरता कप हाती घेतला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापवून आणली आणि शहरात ग्रामण्य उभे राहिले. शंकराचार्यांकडे फिर्याद गेली, चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, रानड्यांनी १८९२ मध्ये घेतले. रानड्यांनी ते घ्यायला हवे होते की नको, यावर आपल्या विचारवंतांनी आजवर भरपूर शाई खर्च केली आहे. मला त्यात फारसा रस नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. त्या चहात विटाळ कशाचा होता? दूध, साखर, चहाची पूड या वस्तू पेठेतल्या दुकानांतही मिळत होत्या. विटाळ होता तो हातांचा. मिशनच्या आवारात कोणी पाणी भरले, कोणी आधण ठेवले, त्या कपातून आदल्या दिवशी कोण प्यायले, याची खात्री देता येत नव्हती. पश्चिम महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग महार-मांग वस्त्यांतून आलेला आहे. ज्या माणसांच्या नुसत्या शक्यतेने उच्चवर्णीय पुणे हादरले, त्यांतले एकही नाव त्या प्रकरणाच्या इतिहासात येत नाही.

या जागेच्या नावातच पाणी आहे, म्हणून पाण्यापासून सुरुवात करावी लागते. गुरुवार पेठेचे जुने नाव वेताळ पेठ. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून बांधीव नळाने शहरात पाणी आणले गेले आणि ठिकठिकाणी हौद बांधले गेले. पुण्याच्या नगररचनेचा गौरव करताना हा नळ हटकून सांगितला जातो. पण त्याच राजधानीत अस्पृश्याला थुंकीसाठी गळ्यात मडके बांधून चालावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिभेदाचे निर्मूलन’ या आपल्या न झालेल्या भाषणात हे नोंदवले आहे. ज्याची थुंकी जमिनीवर पडू द्यायची नाही, त्याला हौदात घागर बुडवू कोण देणार?

पंचहौदपासून चालत काही मिनिटांवर गंज पेठेत जोतीराव फुल्यांचे घर आहे. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या या माणसाने धर्म बदलला नाही, प्रायश्चित्तही घेतले नाही. चहाचा गदारोळ पेटत होता त्याच दिवसांत, २८ नोव्हेंबर १८९० रोजी, ते वारले. सुधारकांचे पुणे कपाची चर्चा करीत असताना हौद खुला करणारा माणूस हाकेच्या अंतरावर अंथरुणाला खिळला होता. हे दोन प्रसंग एकाच पानावर मांडलेले मला अजून कुठल्या पाठ्यपुस्तकात दिसले नाहीत.

देवळाच्या बाजूनेही सगळे निर्मळ होते असे मी म्हणणार नाही. या मिशनच्या इतिहासात ठळक राहिली ती नावेही ब्राह्मणांचीच : १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले पंडित नीळकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोऱ्हे आणि येथील वाँटेज भगिनींच्या ओळखीतून इंग्लंडला गेलेल्या, १८८३ मध्ये तेथे ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाई. दोघांची विद्वत्ता आणि सोसणे मोठे होते, यात वाद नाही. पण एक शास्त्री ख्रिस्ती झाला की त्याचे चरित्र होते. एक वस्ती ख्रिस्ती झाली की अहवालात फक्त आकडा पडतो. या हिशेबात मिशनरी आणि सनातनी यांच्यात मला फारसे अंतर दिसत नाही.

आणखी एक फरक आहे, तो आजही चालू आहे. चहा घेणाऱ्यांना परतीची वाट होती : दक्षिणा, पंचगव्य, आणि पुन्हा पंक्तीत पान. ज्याला मुळात पंक्तच नव्हती त्याला प्रायश्चित्त कसले? तो ख्रिस्ती झाला तरी गावाने त्याची जात सोडली नाही. सोडली ती कायद्याने. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने ही धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ मध्ये बालकृष्णन आयोगाकडे तोच प्रश्न पुन्हा सोपवला गेला. आम्ही बौद्धांनी १९९० पर्यंत या दाराशी थांबून पाहिले आहे. ख्रिस्ती झालेल्या भावाला ‘तू गेलास ना तिकडे’ असे ऐकवताना आपल्यातल्या कार्यकर्त्यांनी हे आठवावे.

विद्यार्थ्यांना मी सांगतो, कुठल्याही मिशनच्या देवळाचा इतिहास शोधायचा तर कोनशिलेपाशी थांबू नका. बाप्तिस्म्याची नोंदवही विचारा. त्यात नाव, आईबाप, राहण्याचे ठिकाण आणि धंदा असे रकाने असतात. धंद्याचा रकाना वाचत जा. ‘मजूर’, ‘घरगडी’, ‘आया’ असे शब्द लागतील तिथे सावकाश व्हा, आईबापांची जुनी नावे उतरून घ्या, गाव लिहून घ्या. मग त्या गावी जाऊन विचारा की या घराण्याचे पाणी कुठे होते.

गेल्या वर्षी एक मुलगी अशीच आपल्या गावी विचारून आली. तिच्या पणजोबांचे पाणी ओढ्याला, वस्तीच्या खालच्या अंगाला होते. त्या वर्गात तिच्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मातंग मुलाने ओढ्याचे नाव विचारले, आणि ते त्याच्याही ओळखीचे निघाले.