एसी थंड करत नाही? 'गॅस संपला' ऐकून लगेच पैसे देऊ नका, आधी गेज लावायला सांगा

उन्हाळा लागला की एसीच्या तक्रारी वाढतात. हवा थंड येत नाही म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं, "गॅस संपला, भरावा लागेल." पण एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्येच फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरला, तर तो पुन्हा निघून जाणार आणि तुमचे पैसेही.

दाब कसा तपासतात?

आधी फिल्टर धुवून घ्या. एसी सर्वात कमी तापमानावर १५ मिनिटं चालवा. मग मेकॅनिक बाहेरच्या युनिटवरच्या जाड नळीच्या व्हॉल्व्हला गेज लावतो. गॅस कोणता, हे त्याच युनिटच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. चालू एसीत आर-२२ गॅसचा दाब साधारण ६० ते ७५ पीएसआय, तर आर-३२ आणि आर-४१०ए यांचा साधारण ११० ते १४५ असतो. बाहेरच्या उन्हाप्रमाणे आकडा थोडा वर-खाली होतो. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसर पूर्ण वेगात असतानाच आकडा धरावा.

एसी बंद ठेवून घेतलेल्या दाबावरून गॅस किती उरला ते कळत नाही. घरातला सिलिंडर भरलेला असो की अर्धा, आतला दाब तेवढाच असतो. इथंही तसंच आहे.

काटा काय सांगतो?

• दाब कमी: गॅस कमी असू शकतो. पण फिल्टर किंवा आतली कॉइल धुळीनं भरली, आतला पंखा मंद झाला किंवा नळी तुंबली, तरी दाब पडतो.

• दाब जास्त: बाहेरची कॉइल मळलेली, बाहेरचा पंखा बंद, गॅस गरजेपेक्षा जास्त, किंवा कॉम्प्रेसर कमजोर.

• एसी चालू केल्यावरही काटा खाली येत नाही: कॉम्प्रेसर सुरूच झालेला नाही. कपॅसिटर आणि व्होल्टेज तपासा. व्होल्टेज कमी असलं की हे हमखास होतं. तिथं गॅस भरून काही उपयोग नाही.

पैसे देण्याआधी

गेजचा आकडा स्वतः बघा. गॅस कमीच असेल तर नायट्रोजन भरून, सांध्यांना साबणाचा फेस लावून गळती दाखवायला सांगा. गळती बंद केल्यावर व्हॅक्यूम पंप लावून, पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरायला सांगा.

गळती तपासायला ऑक्सिजन कधीही भरू देऊ नका, स्फोट होऊ शकतो. आर-३२ पेट घेऊ शकतो, त्यामुळे काम चालू असताना जवळ बिडी, काडी नको. व्हॉल्व्ह स्वतः उघडू नका. फिल्टर मात्र दर १५ दिवसांनी घरच्या घरी धुवा, त्याला मेकॅनिक लागत नाही.