जुन्या मोटारगाडीतील इंधनमापक बदलणे

जुन्या मोटारगाडीतील इंधनमापक बदलणे म्हणजे डॅशबोर्डवरील पेट्रोलची पातळी दाखवणारे बिघडलेले उपकरण काढून त्या जागी गाडीच्या विद्युत व्यवस्थेशी जुळणारे दुसरे उपकरण बसवणे. प्रत्यक्ष काढण्या-बसवण्याचे काम थोडक्यात होते; अडचण असते ती जुळणीची. बाहेरून हुबेहूब सारखी दिसणारी दोन इंधनमापके आतून पूर्णपणे भिन्न तत्त्वांवर चालत असू शकतात. चुकीची जोडी बसल्यास काटा हलतो, पण दाखवतो ते खोटे असते. बंद पडलेल्या काट्यापेक्षा असा काटा अधिक धोक्याचा, कारण चालक त्याच्यावर विश्वास ठेवून प्रवासाला निघतो.

रचना

डॅशबोर्डवरील मापक स्वतः पातळी मोजत नाही. टाकीत पेट्रोलवर तरंगणारा एक फ्लोट असतो. तो वरखाली झाला की त्याच्या दांड्याला जोडलेला स्पर्शक रोधतारेवर सरकतो आणि परिपथातील विद्युतरोध बदलतो. या टाकीतील भागाला सेंडर म्हणतात. मापक केवळ त्या रोधानुसार वाहणारा विद्युतप्रवाह काट्याच्या रूपात दाखवते.

ब्रिटिश गाड्यांत स्मिथ्स कंपनीची मापके मोठ्या प्रमाणावर वापरली जात. त्यांतील आधीच्या प्रकारात दोन वेटोळी आणि त्यांच्यामध्ये फिरणारा लोखंडाचा लहान तुकडा असे. काट्याची जागा दोन वेटोळ्यांतील प्रवाहांच्या गुणोत्तरावर ठरत असल्यामुळे बॅटरीचा दाब कमी-अधिक झाला तरी फारसे बिघडत नसे. मात्र वळणावर पेट्रोल हिंदकळले की काटाही नाचे. १९६० च्या दशकात त्याची जागा औष्णिक मापकाने घेतली. यात द्विधातू पट्टीभोवती गुंडाळलेली तार तापते, पट्टी वाकते आणि काटा सावकाश सरकतो. अशा मापकाला स्थिर दाब लागतो, म्हणून त्याच्यासोबत सरासरी १० व्होल्ट दाब देणारा स्टॅबिलायझर बसवला जातो. एमजीबी या गाडीत हा बदल १९६४ च्या अखेरीस झाला. त्यामुळे एकाच नावाच्या गाडीसाठी दोन परस्परविरोधी व्यवस्था अस्तित्वात आहेत.

विरोध येथे शब्दशः आहे. जुन्या प्रकारात टाकी रिकामी असताना सेंडरचा रोध कमी असतो आणि भरताना वाढतो. औष्णिक प्रकारात नेमके उलट घडते. जुन्या मापकाला नवा सेंडर जोडल्यास भरलेली टाकी रिकामी आणि रिकामी टाकी भरलेली दिसते. सार्वत्रिक म्हणून विकल्या जाणाऱ्या मापकांतही एकवाक्यता नाही. अमेरिकी सुट्या मापकांसाठी रिकाम्या टाकीला सुमारे २४० व भरलेल्या टाकीला ३३ ओहम, तर अनेक युरोपीय मापकांसाठी अनुक्रमे सुमारे १० व १८० ओहम ही श्रेणी प्रचलित आहे.

बदलण्यापूर्वीची तपासणी

दोष बहुधा मापकातच आहे असे गृहीत धरले जाते. अनेकदा तो इतरत्र सापडतो. सेंडरकडे जाणारी तार (त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत ती हिरवी, काळ्या रेषेची असते) टाकीपासून सोडवून इग्निशन चालू केल्यास औष्णिक मापक रिकामे दाखवते आणि तीच तार क्षणभर गाडीच्या सांगाड्याला टेकवल्यास काटा भरलेल्या खुणेकडे सरकू लागतो. जुन्या प्रकारात याच्या उलट घडते. दोन्ही टोके नीट दाखवली गेली, तर मापक आणि तारा ठीक असून दोष सेंडरमध्ये आहे. पोकळ पितळी फ्लोटला सूक्ष्म छिद्र पडून त्यात पेट्रोल शिरणे हा नेहमी आढळणारा दोष होय. ठिणगी टाळण्यासाठी तार टेकवणे टाकीच्या तोंडाजवळ करू नये.

काटा सतत प्रमाणाबाहेर वर राहत असेल, तर स्टॅबिलायझर पाहावा. त्याच्या आतील स्पर्शक तापल्यावर उघडतात व निवल्यावर मिटतात. त्याची अर्थिंग गंजाने तुटली की तापणेच थांबते, स्पर्शक मिटलेलेच राहतात आणि मापकाला बॅटरीचा पूर्ण दाब मिळतो. तापमानमापकही त्याच स्टॅबिलायझरवर चालत असेल आणि दोन्ही काटे एकदम वर गेले असतील, तर निदान जवळपास निश्चित होते. अशा वेळी मापक बदलणे हा निव्वळ अपव्यय ठरतो, कारण नवे मापकही तसेच चुकीचे दाखवते.

बदलण्याची पद्धत

प्रथम बॅटरीचे अर्थिंगचे टोक सोडवावे. मापक सहसा डॅशबोर्डच्या मागून एका इंग्रजी यू आकाराच्या पट्टीने आणि हाताने फिरवता येणाऱ्या नटांनी आवळलेले असते. दिव्याचा होल्डर ओढून निघतो. तारा सोडवण्यापूर्वी त्यांवर खुणा कराव्यात. अनेक दशकांनंतर रंग उडालेले असतात आणि मधल्या मालकांनी केलेल्या जोडण्या कोणत्याही आकृतीशी जुळत नाहीत.

धन टोक सांगाड्याला जोडलेल्या जुन्या गाडीत (एमजीबीत १९६७ पर्यंत) औष्णिक मापक व द्विधातू स्टॅबिलायझर यांना ध्रुवतेने फरक पडत नाही. त्याऐवजी इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझर बसवायचा असल्यास तो त्या ध्रुवतेसाठी बनवलेला असावा लागतो.

नवे मापक बसल्यावरही ते अचूक असेलच असे नाही. स्मिथ्सच्या औष्णिक मापकांच्या पाठीमागे बुचाने बंद केलेली दोन लहान छिद्रे असतात. त्यांतून रिकाम्या व भरलेल्या टोकाची जुळणी करता येते. एक टोक हलवले की दुसरेही थोडे सरकते, त्यामुळे ती आळीपाळीने करावी लागते. टाकी रिकामी करून मोजून पेट्रोल भरत काट्याची जागा टिपून ठेवणे वेळखाऊ आहे, तरी फ्लोटचा दांडा वाकलेला असल्यास ते याच पद्धतीने उघड होते.