बाळुत्यांचं पाणी

गेल्या सप्टेंबरात डायपरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. या १ एप्रिलपासून घनकचऱ्याचे नवे नियम लागू झाले. ओला आणि सुका या दोन डब्यांच्या जोडीला सॅनिटरी कचऱ्याचा तिसरा आणि ‘विशेष काळजी’चा चौथा डबा आला, म्हणजे कागदावर तरी आला. आणि १२ एप्रिलला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली त्याला दहा वर्षं झाली. या तीन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही आलं नसतं. माझ्या आलं, कारण त्याच दिवसांत आमच्याकडच्या एका महिला मेळाव्यात एक वक्त्या माइक हातात घेऊन म्हणाल्या, “आजच्या आया आळशी झाल्यात. आमच्या वेळी कुठं होते डायपर? चार बाळुती धुवायला काय होतं?” टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझ्या वयाच्या बायका जास्त होत्या. त्यातल्या निम्म्याजणींनी पोटच्या पोराचं बाळुतं स्वतःच्या हाताने धुतलेलं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

म्हणून हा मागोवा.

अगदी जुना काळ मी झटकन उरकते. आजीचं मऊसूत लुगडं, त्याचे टराटरा फाडलेले तुकडे, अंगणातली दोरी: दिवाळी अंकांनी हे सगळं इतक्यांदा वाळत घातलंय की आता त्याला रंग उरलेला नाही. २००० नंतरच्या दहा वर्षांतही फारसं काही सांगण्यासारखं नाही. टीव्हीवर निळं पाणी ओतून दाखवायचे, किराणा दुकानाच्या दारात पाकिटांच्या माळा लटकल्या, आणि कुठल्याही कंपनीचं असो, त्याला ‘हगीज’ म्हणायची सवय लागली. मला बोलायचंय ते १९८७ ते १९९७ या दशकाबद्दल. ते मी बादलीत हात घालून काढलंय.

माहेर नांदेडचं, सासर लातूरचं. रीतीप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी झालं. गोदावरी जवळ, घराला विहीर, त्यामुळे पाण्याचा हिशोब कुणी केला नाही. आईची पद्धत मात्र हिशोबी होती. शीचं बाळुतं आधी गार पाण्याच्या धारेखाली. गरम पाणी घातलंस तर डाग बसेल, म्हणायची. शूची बाळुती वेगळ्या बादलीत, आणि तीही रात्रभर ठेवायची नाहीत. (शूतल्या युरियाचा अमोनिया होतो, तो डोळ्यांना झोंबतो आणि बाळाच्या जांघा लाल करतो, हे मला पुढे कळलं. आईला वासावरून कळत होतं.) मग पाचशे एक बारची वडी. निरमा पावडर मोठ्यांच्या कपड्यांना, बाळाच्या नाही. नीळ नाही. तीन पाण्यांतून खळबळून काढायचं, तिसऱ्या पाण्यावर फेस दिसला तर चौथं पाणी. आठवड्यातून एकदा सगळी बाळुती हंड्यात घालून उकळायची. आईच्या दुधावरच्या बाळाचा पिवळा डाग साबणाने जात नाही; ते बाळुतं ओलंच कडक उन्हात टाकायचं. मराठवाड्याचं ऊन तो डाग दुपारपर्यंत खाऊन टाकतं. या उन्हाचं आम्ही कधी कौतुक केलं नाही, पण आमच्याकडे फुकट आणि भरपूर मिळणारी ती एकच वस्तू होती.

पण पहिले दहा दिवस धुणं आईकडेही नव्हतं. सोयराचे दिवस. त्या दिवसांतली बाळुती घरातल्या कुणी धुवायची नसत. त्यासाठी एक मावशी येत. मागच्या दाराने येत, न्हाणीच्या बाहेरच्या दगडावर बसून धूत, आणि त्यांची कपबशी गोठ्याच्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली असे. बाराव्याला एक लुगडं, पायलीभर ज्वारी, थोडे पैसे. त्या कुठल्या वस्तीतून येत हे सांगायची गरज नाही. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला ते कळतं. ‘आमच्या वेळी’ असं म्हणताना दोरीवरची पांढरी बाळुती सगळ्यांना आठवतात, ती कपबशी कुणालाही आठवत नाही.

लातूरला सासरी आले आणि आईचं निम्मं शास्त्र निकामी झालं. इथे नळाला वार होते, आणि उन्हाळ्यात तेही चुकायचे. बाकी बोअरचं पाणी. ते जड. साबण कितीही घासा, फेस येत नाही. पाण्यातला चुना आणि साबण मिळून एक करडा साका तयार होतो आणि तो धाग्यात जाऊन बसतो. चार धुण्यांनंतर बाळुतं पापडासारखं कडक. पावडर वापरली तर जड पाण्यातही फेस येतो, पण ती पुरती निघायला आणखी दोन पाणी लागतात आणि ती नाही निघाली तर बाळाची कातडी सोलवटते. म्हणजे साबण घ्या तर कापड जातं, पावडर घ्या तर बाळ रडतं, आणि दोन्ही वाचवायचं तर पाणी पाहिजे, जे नाही. मी मधला मार्ग काढला होता. धुणं बोअरच्या पाण्यात, शेवटचं खळबळणं नळाच्या. आणि ते तिसरं पाणी फेकायचं नाही. ते दुसऱ्या दिवशीचं पहिलं पाणी. पहिलं पाणी अंगणातल्या पेरूला. तो पेरू फार गोड होता, आणि त्याचं श्रेय सासरेबुवा शेणखताला देत.

आत्याबाईंचे, म्हणजे सासूबाईंचे, नियम वेगळेच. बाळुती पिळायची नाहीत, बाळाच्या पोटात पीळ पडतो. तिन्हीसांजेच्या आत सगळी घरात आली पाहिजेत, बाहेरचं लागतं. कोरं कापड बाळाला लावायचं नाही. यातला पहिला नियम मी त्यांच्यामागे सर्रास मोडला. न पिळलेलं बाळुतं श्रावणात दोन दिवस टिपटिपतं, आणि पोटदुखी होऊन जे रडायचं ते बाळ ओल्या बाळुत्यातही रडतंच. दुसऱ्याला हरकत नव्हती. दवाने ओलावलेलं, किडामुंगी बसलेलं कापड बाळाला कशाला? तिसरा मात्र शंभर टक्के खरा होता. त्याकडे येतेच. आमचे ‘हे’ या सगळ्यात कुठे होते, असं विचाराल तर तेवढ्या काळात त्यांनी दोरीवरून वाळलेलं एक बाळुतंही काढून घरात आणलेलं मला आठवत नाही. पाऊस आला की ओरडून सांगत मात्र असत, “अगं, भिजतायत!”

धाकटा दीडेक महिन्याचा असताना ३० सप्टेंबर १९९३ उजाडला. उजाडला कसला, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीच सगळं झालं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जनाहून येऊन माणसं नुकती आडवी झाली होती. त्या भूकंपात किल्लारी, सास्तूरकडे काय झालं ते जगाला माहीत आहे. त्याच्यापुढे आमचं लातूर शहरातलं दुःख दुःखच नव्हे. भिंतीला तडा गेला एवढंच. पण घरात झोपायची छाती कुणाची होईना. आळीच्या आळी बाहेर, आणि वरून पाऊस. अशा वेळी तान्ह्या बाळाची बाळुती कुठे धुवायची आणि कुठे वाळवायची, याचं उत्तर कुठल्याही मदतकेंद्रात नव्हतं. आत्याबाईंनी काढलं. पत्र्याखाली शेगडी, तिच्यावर उपडं बांबूचं टोपलं, टोपल्यावर पसरलेली बाळुती, निखाऱ्यावर चिमूटभर ओवा. रात्रभर त्या तिथे बसून एकेक बाळुतं उलटत होत्या. त्यांच्याशी माझे अनेक हिशोब बाकी आहेत, पण त्या रात्रींचे नाहीत.

याच दशकात आणखी एक गोष्ट संपली, आणि तिचा शोक कुणी केलेला मी वाचलेला नाही. घरातलं जुनं सुती कापड संपलं. बाळुतं हे काही विकत आणायचं कापड नव्हे. दहा वर्षं अंगावर नेसून, शेकडो वेळा धुऊन, झिजून मऊ झालेल्या साडीचं ते शेवटचं रूप. आईच्या ट्रंकेत तशा साड्या होत्या. माझ्या कपाटात नव्हत्या. आम्ही नायलॉन, टेरीन, पॉलिएस्टर नेसलो. स्वस्त, इस्त्री नको, लवकर वाळतं. १९८५च्या वस्त्रधोरणाने कृत्रिम धाग्याला सरकारी दारही उघडं करून दिलं. आणि पॉलिएस्टरची साडी कितीही जुनी होऊ दे, ती ओल शोषत नाही. शू तिच्यावरून घरंगळून गादीत जाते.

बरं, ही टंचाई कुणाला? नांदेडच्या लेकीला. ज्या गावच्या कापूस संशोधन केंद्राने काढलेलं ‘नांदेड ४४’ हे संकरित वाण ऐंशीच्या दशकापासून बीटी येईपर्यंत शेतोशेत पेरलं गेलं, जिथे निजामाच्या नावाची उस्मानशाही मिल कापड काढत होती आणि तिच्या भोंग्यावर निम्मं गाव उठत होतं. ती मिल पुढे बंद पडली. शेतात कापूस, गावात मिल, आणि बाळंतिणीच्या उशाशी सुती चिंधी नाही. धाकट्याच्या वेळी मी बाजारातून मांजरपाट आणून बाळुती शिवली. पहिल्या दिवशी ती प्लास्टिकसारखी वागली. आत्याबाई म्हणाल्या ते खरं होतं: कोऱ्या कापडात खळ असते, शिवाय कापसाच्या धाग्यावर त्याचं स्वतःचं मेण असतं, आणि चार-पाच वेळा गरम पाण्यातून निघाल्याशिवाय ते पाणी पीत नाही. आज हजारो रुपयांचे कापडी डायपर मागवणाऱ्या मुलींना पाकिटावर हीच सूचना छापून मिळते: वापरण्याआधी काही वेळा धुवा, सॉफ्टनर टाकू नका, उन्हात वाळवा.

आता २०१६. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, आणि माहेर म्हणजे आता लातूर. लोक म्हणाले, वेडी आहेस का? मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती. १४४ कलम, विहिरीवर पाच माणसं जमायची नाहीत. मांजरा धरण तळाला गेलेलं. आठ-दहा दिवसांनी टँकर, घरामागे दोनशे लिटरच्या आसपास पाणी. मग ती ‘जलदूत’ गाडी आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची. स्टेशनवर फोटो काढायला किती गर्दी! दोनशे लिटरमध्ये स्वयंपाक, अंघोळी, भांडी आणि नवजात बाळाची दिवसाची वीसेक बाळुती तीन पाण्यांतून काढायची असतील, तर पाणी तिसऱ्या दिवशी संपतं. मुलगी आली आणि मी स्वतः जाऊन डायपरचं मोठं पाकीट आणलं. सात-आठ रुपयांना एक. टँकरवाल्याच्या बादलीपुढे तो स्वस्त होता. जाऊबाई नाक मुरडून म्हणाल्या, “पहिल्या दिवसापासून विकतचं?” मी त्यांना रिकामी टाकी दाखवली.

आणि गंमत बघा. पाण्याची गाडी पोचण्याच्या चार दिवस आधी, ८ एप्रिल २०१६ रोजी, दिल्लीत घनकचऱ्याचे नियम निघाले होते: डायपर नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाका, गुंडाळायची पिशवी कंपनीने द्यावी. त्या पिशव्या आमच्या दुकानात कुणी पाहिल्या असतील तर कळवावं.

जे कापडाकडे परत चला म्हणतात, त्यांचं सगळंच चूक नाही. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या संस्थेने २००८ साली दोन्हींचा हिशोब मांडला होता. कापडी लंगोट मशीन पूर्ण भरून धुतले, दोरीवर वाळवले आणि दुसऱ्या मुलालाही वापरले, तर हवामानाच्या दृष्टीने ते सरस. ड्रायरमध्ये वाळवले तर फायदा निघून जातो. म्हणजे आमच्या आईचीच पद्धत. फक्त त्या हिशोबात धुणारीचे हात धरलेले नाहीत, आणि तिथल्या नळाला रोज पाणी येतं. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांनी मिळून महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले. लातूरच्या नळाला, धरण भरलेलं असतानाही, रोज पाणी येत नाही. हे सोडून आयांच्या आळसावर भाषण करायचं असेल तर करा.

आत्याबाई शेवटी शेवटी अंथरुणाला खिळल्या तेव्हा मोठ्यांचे डायपर आणले. तेव्हा जाऊबाईंनी नाक मुरडलं नाही. कारण धुवायची पाळी त्यांच्यावरही आली असती.

आमच्या कॉलनीत तिसरा डबा अजून आलेला नाही. घंटागाडीवरच्या ताईंना मी परवा विचारलं, डायपर कशात टाकायचा? म्हणाल्या, “पेपरात गुंडाळा आणि वर लाल पेनानं ठिपका काढा, म्हंजी हात घालायच्या आधी कळतंय.” पुण्यात कचरावेचक बायकांनी हीच लाल ठिपक्याची मागणी लावून धरली होती. गाडीवरच्या बायका कुठल्या वस्तीतून येतात, तेही मी विचारलं. नांदेडच्या त्या मावशी ज्या वस्तीतून येत, तशाच वस्तीतून. आमच्या गल्लीत तान्ही बाळं असलेली बरीच घरं आहेत. लाल ठिपका मला आजवर दोनच पुड्यांवर दिसला, आणि त्यातली एक आमची होती. हातमोजे मिळालेत का, असंही विचारलं. दिवाळीत एक जोड मिळाला होता, म्हणाल्या, तो फाटला.