भोपाळमध्ये दुकान टाकताय? पाटी लावण्याआधी हे समजून घ्या

भोपाळ : नागपूर, पांढुर्णा, बैतूलकडून भोपाळात शिरताना मंडीदीप आणि मिसरोद मागे पडलं की नर्मदापुरम रस्त्यालगत बाग सेवनिया लागतं. एम्स रुग्णालय, साकेतनगर आणि भेलची वसाहत जवळच. त्यामुळे औषधांची दुकानं, लॅब, खानावळी, कोचिंग क्लास यांना इथे गिऱ्हाईक आहे. सीमाभागातून येऊन इथे गाळा भाड्याने घेणाऱ्याचा पहिला मोठा खर्च असतो तो पाटीचा. गुमास्ता काढला, भाडेकरार झाला, आता पाटीला आणखी कसली परवानगी, असं बऱ्याच जणांना वाटतं. गोची होते ती इथेच.

तीन कागद, तीन कामं

गुमास्ता म्हणजे मध्य प्रदेशच्या 1958 च्या दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी. तिचा संबंध कामगार, कामाचे तास आणि सुट्ट्यांशी. ट्रेड लायसन महापालिकेचं असतं आणि ते त्या जागेत धंदा करण्यासाठी. रस्त्यावर दिसणाऱ्या फलकाचा हिशेब या दोन्हींपेक्षा वेगळा. त्यासाठी राज्यात ‘मध्यप्रदेश आउटडोर विज्ञापन मीडिया नियम, 2017’ लागू आहेत आणि भोपाळ शहरात त्यांची अंमलबजावणी महापालिका करते. पहिले दोन कागद हातात आहेत म्हणून तिसऱ्यातून सुटका होत नाही.

जुने दुकानदार कधी कधी सांगतात की जाहिरात कर तर बंद झाला. ते अर्धंच खरं आहे. 2016 च्या 101 व्या घटनादुरुस्तीने राज्य सूचीतली जाहिरात कराची 55 वी नोंद वगळली गेली आणि 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला. पण गेला तो कर. फलक कुठे, केवढा आणि कसा लावायचा हे ठरवण्याचा आणि त्याच्या परवान्याचं शुल्क घेण्याचा विषय संपलेला नाही.

नाव कुठे संपतं, जाहिरात कुठे सुरू होते?

सगळा पेच या एका प्रश्नात आहे. दुकानाच्या दारावर दुकानाचं नाव असणं ही ओळख झाली. मध्य प्रदेशचा 1994 चा संपत्ती विरूपण निवारण कायदाही हा फरक मानतो. सार्वजनिक नजरेत येणारी मालमत्ता शाई, खडू, रंगाने विद्रूप केली तर एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. मात्र मालकाचं किंवा तिथे राहणाऱ्या-वापरणाऱ्याचं नाव-पत्ता लिहिणं त्यातून वगळलं आहे. मुंबई महापालिका आणि आयसीआयसीआय बँकेच्या वादात सर्वोच्च न्यायालयानेही 2005 मध्ये हाच धागा धरला होता : फलक जाहिरात ठरायला त्यात काही व्यापारी हेतू दिसला पाहिजे.

व्यवहारात ही रेघ पुसट होते. सर्वात जास्त फसगत होते ती कंपनीकडून फुकट मिळणाऱ्या बोर्डाची. शीतपेय, मोबाइल किंवा रंगाची कंपनी बोर्ड करून देते. त्यावर कंपनीचं नाव हातभर आणि दुकानाचं नाव कोपऱ्यात बोटभर. अशा बोर्डाला ‘ही फक्त आमच्या दुकानाची पाटी’ म्हणणं कठीण जातं. कंपनीचा माणूस बोर्ड ठोकून निघून जातो, विचारणा मात्र दुकानदाराला होते. म्हणून परवानगी आणि शुल्क कोण भरणार, हे कंपनीकडून आधीच लेखी घ्यावं.

भिंत कुणाची, जमीन कुणाची?

भाडेकरारात गाळा मिळतो. दर्शनी भिंत आणि गच्ची मिळतेच असं नाही. घरमालकाची लेखी संमती वेगळी घ्यावी. पाटी फुटपाथवर किंवा रस्त्याच्या हद्दीत येत असेल तर तो रस्ता महापालिकेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा की राष्ट्रीय महामार्गाचा, हेही पाहावं लागतं. जमीनमालक सरकारी असला म्हणून पालिकेला विचारायची गरज नाही, ही समजूत किती महागात पडते ते मुंबईने पाहिलं आहे. 13 मे 2024 रोजी घाटकोपरच्या छेडानगरात पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून 17 जणांचा जीव गेला. ते रेल्वे पोलिसांच्या ताब्यातल्या जागेवर होतं. आकार 120 बाय 120 फूट. मुंबई महापालिकेची मर्यादा होती 40 बाय 40.

वाऱ्याचा हिशेब

आमची पाटी तर लहान आहे, असं म्हणण्याआधी एक आकडेमोड करून पाहा. बांधकामाच्या भारतीय मानकात भोपाळसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरला आहे, नागपूरसाठी 44. 39 मीटरच्या वाऱ्याचा दाब ढोबळमानाने दर चौरस मीटरला 93 किलो होतो. म्हणजे 20 फूट बाय 4 फुटांच्या पाटीवर जवळपास 690 किलोचा धक्का. चार खिळे आणि तार यावर हा भार पेलत नाही. लोखंडी सांगाडा मोठा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला घेणं हे स्वतःच्याच हिताचं. खाली उभा असतो तो आपलाच ग्राहक.

ग्लो साइन असेल तर वीज स्वतःच्या मीटरवरूनच घ्यावी, आणि 11 केव्हीच्या तारेपासून आडवं किमान 1.2 मीटर अंतर ठेवावं. फ्लेक्स लावायचा असेल तर 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे.

राज्य बदललं की नियम बदलतो

दोन राज्यांत दुकानं असणाऱ्यांनी एकच डिझाइन सगळीकडे छापू नये. महाराष्ट्रात पाटीवर देवनागरीतलं मराठी नाव आधी हवं आणि त्याची अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान नकोत. सर्वोच्च न्यायालयाने 25 सप्टेंबर 2023 रोजी त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. बेळगाव-निपाणीत कर्नाटकाच्या 2024 च्या दुरुस्तीनुसार फलकावर 60 टक्के कन्नड लागतं. महाराष्ट्राचा मराठी पाटीचा नियम भोपाळात लागू नाही, आणि भोपाळची परवानगी नागपुरात चालत नाही.

ऑर्डर देण्याआधी

- पाटीची लांबी, रुंदी, उंची आणि मजकूर कागदावर काढून महापालिकेच्या झोन कार्यालयात दाखवा. परवाना लागतो का आणि शुल्क किती, हे तिथेच विचारा.
- अर्जाची पोच, शुल्काची पावती आणि मुदतीची तारीख दुकानात जपून ठेवा.
- घरमालकाची संमती, गुमास्ता आणि ट्रेड लायसनच्या प्रती सोबत असू द्या.
- पेंटरला किंवा फ्लेक्सवाल्याला आगाऊ रक्कम या सगळ्यानंतरच द्या. ‘परवानगीचं आम्ही बघतो’ असं कुणी म्हणालं, तर परवाना आपल्या नावावर निघाला का, हे स्वतः पाहा.