आठवड्याचे १६८ तास: लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट नेमकं करते काय?

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लेखी स्वरूपात. बोलताना येणारे 'अं' आणि 'म्हणजे' कमी केलेत, सगळे काढलेले नाहीत.

माझी ताई लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. मी कोड लिहितो, ती मुलांना बसायला, उभं राहायला, एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला शिकवते. लग्नकार्यात कुणी विचारलं आणि तिने सांगितलं, की समोरून ठरलेला प्रश्न येतो, "म्हणजे मालीश करतेस का गं?" ताई हसून जेवायला बसते. पण या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला एक अख्खा एपिसोड लागतो. तो हा.

अडचण नक्की कुठे असते?

ताईकडे बऱ्याच प्रकारची मुलं येतात. कुणाला डाऊन सिंड्रोम, कुणाला स्पायना बिफिडा, कुणी सातव्या महिन्यातच जन्मलेलं. आज आपण एकच उदाहरण धरू, म्हणजे गोंधळ होणार नाही. ते म्हणजे सेरेब्रल पाल्सी. लहानपणापासूनच्या शारीरिक अपंगत्वाचं हे जगभरातलं सर्वात मोठं कारण. हजार जन्मांमागे साधारण दोन ते तीन मुलं, असा अंदाज सहसा दिला जातो.

यात काय होतं? वाढत्या मेंदूला इजा होते. कधी पोटात असताना, कधी जन्माच्या वेळी, कधी जन्मानंतरच्या काळात. वेळेआधी जन्म, ऑक्सिजन कमी पडणं, मेंदूत जंतुसंसर्ग, खूप वाढलेली कावीळ, अशी कारणं वेगवेगळी असतात. स्नायूंना हुकूम देणारा मेंदूचा भाग दुखावतो आणि हालचाल, तोल, शरीराची ठेवण बिघडते. बहुतेक मुलांमध्ये स्नायू ताठर राहतात.

आता महत्त्वाची गोष्ट. मेंदूतली ती इजा पुढे वाढत नाही. मूल मात्र वाढतं. हाडं लांब होतात, पण सतत ताठरलेला स्नायू त्या वेगाने लांब होत नाही. मग टाच जमिनीवरून उचलली जाते, गुडघा वाकलेलाच राहतो, पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. माझ्या भाषेत सांगायचं तर बग एकदाच आला, नवा येत नाही. पण त्याच बगवर रोज नवा कोड चढतोय. आम्ही याला टेक्निकल डेट म्हणतो. उशीर केला की व्याज वाढतं.

दुसऱ्या बाजूला एक चांगली बातमी आहे. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू भराभर जोडण्या बनवत असतो. ज्या वापरल्या जातात त्या पक्क्या होतात, ज्या वापरल्या जात नाहीत त्या गळतात. म्हणजे ज्या काळात काम सुरू केलं तर सगळ्यात जास्त फायदा, त्याच काळात आपल्याकडे घरोघरी एक वाक्य ऐकू येतं: "होईल हळूहळू. याचे बाबासुद्धा उशिराच चालले होते."

उशीर म्हणजे किती उशीर?

आजीचं वाक्य पूर्ण चूक नसतं, म्हणून तर ते टिकलंय. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या निरोगी बाळांचा अभ्यास केला. त्यात दिल्लीची बाळंही होती. आधाराशिवाय बसण्याचा पल्ला निघाला ३.८ ते ९.२ महिने, आणि स्वतःहून चालण्याचा ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे शेजारचं बाळ दहाव्या महिन्यात चालतंय आणि आपलं सोळाव्यात, तर दोन्ही ठीक.

म्हणून फिजिओथेरपिस्ट फक्त 'कधी' बघत नाही, 'कसं' बघते. बाळ फक्त एकाच हाताने वस्तू घेतंय का? पहिल्या वाढदिवसाआधीच 'आमचं बाळ डावखुरं आहे' असं कौतुक होत असेल, तर ताई दुसऱ्या हाताकडे आधी बघते, कारण इतक्या लहान वयात मुलं दोन्ही हात वापरतात. चार महिन्यांनंतरही मूठ घट्ट मिटलेलीच आहे का? नऊ महिने झाले तरी आधाराशिवाय बसत नाही का? लंगोट बदलताना पाय फाकवायला जड जातात का? यातलं एखादं लक्षण दिसलं म्हणजे आजार आहेच असं नाही. पण तपासून घ्यायला ते पुरेसं कारण आहे.

एक हिशोब इथे लक्षात ठेवा. बाळ दोन महिने आधी जन्मलं असेल, तर आज आठ महिन्यांच्या त्या बाळाकडून सहा महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा करायची. याला सुधारित वय म्हणतात.

आणि मोबाइलवाल्यांसाठी खास माहिती. हाइन्ट्झ प्रेख्टल नावाच्या संशोधकाने दाखवून दिलं, की लहान बाळं उताणी पडून आपोआप जी चुळबुळ करतात, तिच्या प्रकारावरून मेंदूबद्दल बरंच कळतं. अपेक्षित जन्मतारखेनंतर साधारण तीन ते पाच महिन्यांत हातपाय, मान, धड यांची एक बारीक, सतत चालणारी हालचाल दिसायला हवी. बाळ जागं आणि शांत असताना काढलेला काही मिनिटांचा व्हिडिओ प्रशिक्षित माणसाला यासाठी उपयोगी पडतो. ही तपासणी, दुसरी शारीरिक तपासणी आणि मेंदूचा एमआरआय एकत्र बघितले, तर धोका असलेल्या अनेक बाळांचं निदान सहा महिन्यांच्या आत होऊ शकतं. दोन वर्षं थांबायची गरज नसते.

पाऊण तासात काय चालतं?

बाहेरून बघितलं तर खेळ चालतो. मोठा चेंडू, लोड, आरसा, साबणाचे फुगे. एक मूल सतरंजीवर बसलंय, ताई त्याच्या मागे, आणि खेळण्यातली गाडी हाताच्या टप्प्यापेक्षा चार बोटं लांब ठेवलेली. ते चार बोटांचं अंतर म्हणजे त्या दिवसाचा अख्खा धडा. गाडी घ्यायला मुलाला एका कुल्ल्यावर भार टाकावा लागतो, धड वळवावं लागतं, तोल जाताना सावरावं लागतं. गाडी हातात दिली तर काहीच शिकणं नाही, हातभर लांब ठेवली तर मूल रडून सोडून देणार. जमेल पण कष्टाने जमेल, असं अंतर रोज शोधायचं. हे कौशल्य पुस्तकातून पूर्ण येत नाही.

आता मालीशचं उत्तर. मालिशने बाळाला बरं वाटतं, आईशी जवळीक वाढते, पण मालिशने हालचाल शिकता येत नाही. दुसऱ्याने हातपाय हलवले तर मेंदूला सराव होत नाही. हा बदल या क्षेत्रातही हळूहळू झाला. बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्याने लंडनमध्ये सुरू केलेली पद्धत अनेक दशकं जगभर वापरली गेली, आणि तिच्या जुन्या रूपात थेरपिस्टच्या हातांना फार महत्त्व होतं. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोवाक आणि सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सीच्या उपचारांमागचे पुरावे तपासून त्यांना सिग्नलचे रंग दिले: हिरवा, पिवळा, लाल. ज्यात मूल स्वतः, रोजच्या जगण्यातलं, ठरवलेलं काम पुन्हापुन्हा करतं, असे प्रकार हिरव्यात आले. ज्यात मूल नुसतं पडून असतं, ते मागे पडले.

हिरव्यातलं एक उदाहरण मला फार आवडतं. मुलाचा एक हात कमजोर असेल, तर चांगल्या हाताला रोज काही वेळ मऊ मोजा घालतात. मग कमजोर हाताला काम करावंच लागतं. साधी कल्पना आहे, पण त्या वेळेत मुलाचा मूड सांभाळणं हे खरं काम.

उरलेले १६६ तास

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. आठवड्यात १६८ तास. थेरपी समजा दोन तास. राहिले १६६. फक्त दोन तासांत मूल शिकेल अशी रचना केली, तर ती रचनाच फसलेली.

म्हणून चांगली थेरपिस्ट घर बघते. खुर्चीत बसल्यावर पाय लोंबकळतात? खाली पाट ठेवा. पाय टेकले की धड स्थिर होतं आणि हात मोकळे होतात. मूल बसताना कलंडतं? भिंतीच्या कोपऱ्यात दोन उशा लावून बसवा. कडेवर घेताना पाय एकमेकांना चिकटू देऊ नका, फाकवून कमरेला घ्या. बाह्यात हात घालणं, आंघोळीच्या वेळी वाकून मग उचलणं, हे सगळं व्यायामच.

ताई सुरुवातीलाच पालकांना विचारते, "दिवसात तुम्हाला कुठली गोष्ट सगळ्यात जड जाते?" उत्तर बहुतेक वेळा आईच देते, कारण घेऊन तीच आलेली असते. बस बदलत, दहा-बारा किलोचं मूल कडेवर घेऊन, घरचा स्वयंपाक उरकून. तिला घरी करायला दहा व्यायामांचा कागद दिला, तर दहापैकी एकही होत नाही आणि वर अपराधी वाटतं ते वेगळंच. ताई दोनच सांगते, तेही जे काम ती आधीपासून करतेच त्यात बसणारे. आणि वडिलांना पुढच्या वेळी सोबत यायला सांगते. हे सांगणंसुद्धा थेरपीच आहे, असं तिचं म्हणणं.

"मॅडम, कधी चालेल?"

या कामातला सगळ्यात अवघड प्रश्न हाच. खोटं बोललं तर लोक खूश होतात, खरं बोललं तर दुसरीकडे जातात.

याचं प्रामाणिक उत्तर द्यायला मदत करणारं एक साधन आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या गटाने १९९७ मध्ये सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी पाच पातळ्यांची पद्धत मांडली. पहिल्या पातळीवरचं मूल चालतं, पळतं, फक्त तोल आणि वेग थोडे कमी. तिसऱ्या पातळीवरचं वॉकर किंवा कुबड्या घेऊन चालतं. पाचव्या पातळीवरच्या मुलाला मान आणि धड सांभाळायलाही आधार लागतो. २००२ मध्ये त्यांनी ६५७ मुलांच्या नोंदींवरून वाढीचे आलेख दिले. त्यातून दिसलं, की मोठ्या हालचालींची क्षमता साधारण पाच वर्षांपर्यंत जवळजवळ ९० टक्के गाठली जाते, आणि पातळी जितकी गंभीर तितकं हे आधी घडतं.

मग पाचव्या पातळीच्या मुलाला थेरपी कशाला? कारण ध्येय बदलतं. नीट बसता आलं तर जेवताना ठसका कमी लागतो, डोळे समोर राहतात, शाळेत फळा दिसतो. खुब्याचं हाड निसटत तर नाही ना, हे ठरावीक काळाने एक्स-रे काढून बघावं लागतं. सेरेब्रल पाल्सीच्या साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये खुबा सरकतो, आणि पाचव्या पातळीवर तर बहुतेकांचा. आणि बारा वर्षांच्या मुलाला व्हीलचेअर दिली म्हणजे थेरपी हरली असं नाही. वर्गापासून मैदानापर्यंत ते स्वतःच्या मनाने जाऊ शकलं, तर तो विजयच.

सगळ्यात जास्त राग ताईला येतो तो 'मूल पूर्ण बरं करतो' म्हणणाऱ्यांचा. स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये घेतले जातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्टेम सेल हा सेरेब्रल पाल्सीवरचा मान्यताप्राप्त उपचार नाही. घरातलं सोनं मोडून आलेले पालक जेव्हा परत येतात, तेव्हा पैशांबरोबर वर्षही गेलेलं असतं. आणि आलेख आपण आत्ताच बघितला, ते वर्ष किती महाग असतं.

आपल्याकडे काय आहे?

बरंच आहे, फक्त माहीत नसतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, तोही आपल्या पालघरमधून. अंगणवाडी आणि सरकारी शाळांमध्ये मुलांची तपासणी होते, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. आशाताई किंवा अंगणवाडीताईंना विचारलं तर जवळचं केंद्र कळतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, त्यात सेरेब्रल पाल्सीही आहे. युडीआयडी कार्ड काढता येतं. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण आहे.

या कामाची मुळंही इथलीच. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, स्वतःच्या मुलीसाठी इथे शाळा नव्हती म्हणून. ती मुलगी म्हणजे मालिनी चिब. पुढे त्यांनी उच्च शिक्षण घेतलं, आत्मचरित्र लिहिलं.

ज्यांना या क्षेत्रात यायचंय त्यांच्यासाठी: बीपीटीएच, म्हणजे ताईच्या वेळी इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांचा असलेला अभ्यासक्रम तिने केला, मग लहान मुलांच्या विषयात मास्टर्स. कंबर दुखते, गुडघे जमिनीवर घासतात, आणि प्रगती आठवड्यात दिसत नाही, महिन्यांत दिसते. आमच्याकडे दोन आठवड्यांच्या स्प्रिंटनंतर डेमो असतो. तिच्याकडे आठ महिन्यांनी एक मूल कुणी न धरता दहा सेकंद बसतं, आणि खोलीतले सगळे मोठ्याने आकडे मोजतात.

शेवटी एकच काम सांगतो. तुमच्या नात्यात, इमारतीत, ऑफिसमधल्या कुणाच्या घरी असं बाळ असेल आणि आईच्या मनात शंका असेल, तर 'होईल गं हळूहळू' म्हणू नका. 'चल, दाखवून येऊ, मी येतो सोबत' म्हणा. सगळं ठीक निघालं तर एक फेरी वाया गेली. नाही निघालं तर त्या बाळाचं एक वर्ष वाचलं.

हा भाग अशा कुणाला तरी पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!