आईच्या हाकेऐवजी भिंतीवरचे फोटो

"डॉक्टर, माझ्यामागं ह्याला अंघोळीला जा म्हणून कोण सांगणार?" २६ वर्षांच्या मुलाला घेऊन आलेल्या एका आईने काही वर्षांपूर्वी मला हे विचारले. मुलगा अंगाने धडधाकट. साबण लावता येई, शर्टाची बटणे लावता येत. पण प्रत्येक पायरीला आईने सांगावे लागे. "टॉवेल घे" म्हणेपर्यंत तो तसाच ओला उभा राही.

हा मुलगा स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. ही मेंदूच्या वाढीतील उपजत वेगळी घडण आहे. ते वेड नव्हे आणि आईबापांच्या वागण्याने ते होत नाही. औषधाने ते जात नाही, वय वाढले म्हणूनही संपत नाही. आपल्याकडे चर्चा होते ती लहान मुलांची. ती मोठी झाली की घरातच दिसेनाशी होतात.

अशा अनेकांना कामांचा क्रम मनात धरून ठेवणे आणि एक काम सोडून दुसऱ्याकडे वळणे फार जड जाते. पुढे काय होणार हे कळले नाही तर जीव घाबरा होतो. त्यात तोंडी सूचना क्षणात विरून जाते. चित्र मात्र जागेवर राहते, पुन्हा पाहता येते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात १९७२ साली राज्यभर सुरू झालेल्या 'टीच' या कार्यक्रमाने, एरिक शॉपलर यांच्या पुढाकाराने, अशा चित्रमय वेळापत्रकाचा पद्धतशीर वापर रुजवला. आपणही दुधाचा खाडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडतोच की! त्यात कमीपणा वाटत नाही, मग यातही वाटू नये.

आमचा पहिला प्रयत्न फसला, आणि चूक माझी होती. मी एकदम दिवसभराची १४ चित्रे करायला सांगितली, तीही बालवाडीच्या तक्त्यातली. मुलाने दुसऱ्याच दिवशी तक्ता फाडला. २६ वर्षांच्या माणसाला ससा दात घासताना कशाला दाखवायचा? मग त्याच्याच घरातल्या वस्तूंचे मोबाईलवर फोटो काढले: त्याचा ब्रश, त्याची बादली, त्याचा टॉवेल, त्याचे कपडे. ही चारच कार्डे वरून खाली लावली. काम झाले की कार्ड काढून खालच्या डब्यात टाकायचे. ज्याला वाचता येते त्याला लिहिलेली यादी पुरते. ज्याला फोटोही उमगत नाही त्याच्या हाती प्रत्यक्ष टॉवेल देऊन सुरुवात करावी.

खरी परीक्षा आईची असते. तक्ता लावूनही ती तोंडाने सांगतच राहिली तर मुलगा तिच्या तोंडाकडेच पाहतो. म्हणून पहिले काही दिवस मागे उभे राहून, न बोलता, त्याचा हात हलकेच तक्त्याकडे न्यावा. मग नुसते बोट दाखवावे. मग दाराशी थांबावे, आणि शेवटी स्वयंपाकघरात निघून जावे. या माउलीला ते निघून जाणे सर्वांत अवघड गेले. दीड महिना लागला.

आणखी दोन गोष्टी. नळाला पाणी आले नाही, वीज गेली, तर तक्ता खोटा ठरतो आणि गोंधळ उडतो. त्यासाठी 'बदल' असे एक वेगळ्या रंगाचे कार्ड ठेवावे, आणि ते आधी आवडीच्या बदलासाठी वापरावे. उदाहरणार्थ, पोळीऐवजी आज भजी. दुसरे म्हणजे, तक्ता हा हुकूमनामा नव्हे. त्यात विश्रांतीचे कार्ड हवे, आणि काय करायचे ते त्याने स्वतः निवडावे अशी एखादी जागाही हवी. कार्डांचा क्रम त्याला बदलायचा असेल तर बदलू द्यावा.

सुरळीत चालणारे वेळापत्रक अचानक झिडकारले, तर हट्ट समजून रागावू नका. ज्याला दुखणे सांगता येत नाही तो असेच सांगतो. दात, कान, बद्धकोष्ठता, लघवीची जळजळ हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. या मुलाची एकदा दाढ किडलेली निघाली.

गेल्या वर्षी आईचे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. पाच दिवस मुलगा मामाकडे होता. कार्डांची पट्टी पिशवीत घालून दिली होती, ती मामींनी न्हाणीघराच्या दाराला लावली. टाके दाखवायला आल्यावर त्या बाईंनी मला सांगितले, "मामींना एकदाही सांगावं लागलं नाही. फक्त बादली आमची नव्हती, म्हणून पहिल्या दिवशी अडला."

आता तक्त्यावर 'चहा' हे नवे कार्ड आले आहे. गॅस अजून आईच पेटवते.